पंप चालू असूनही दमा आटोक्यात नाही? सोलापुरात तज्ज्ञ उपचार, योजना आणि कागदपत्रांची माहिती

रोजचे पंप चालू आहेत, गोळ्या चालू आहेत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी मध्यरात्री धाप लागून रिक्षाने दवाखाना गाठावा लागतो, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. सोलापुरात असे रुग्ण कमी नाहीत. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताची तूस, घरोघरी विड्या वळताना तंबाखूची धूळ, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत थंडी, धूळ आणि गर्दी सगळं एकदम. यातले बरेच जण तज्ज्ञापर्यंत पोचत नाहीत आणि जे पोचतात त्यांच्यापैकी अनेक जण सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवरून परत येतात. आजार खरा असतो, पण तो कागदावर कुठेच नसतो. अडतं ते तिथे.

तज्ज्ञाकडे कधी जायचं

वर्षभरात दोन किंवा जास्त वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागला, एकदा जरी दम्यामुळे आयसीयूत राहावं लागलं, किंवा रोजचा पंप नीट घेऊनही आठवड्यातून अनेकदा आरामाचा पंप (धाप लागल्यावर लगेच आराम देणारा) ओढावा लागतो, तर छातीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. सोलापुरात त्यासाठी सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. केसपेपर काढा, छातीरोग विभागाच्या ओपीडीत जा. सकाळी लवकर गेलेलं बरं.

पहिल्याच भेटीत कोणी अवघड दम्याचं महागडं इंजेक्शन लिहून देणार नाही. त्यावर लोक नाराज होतात, पण पद्धत तीच आहे आणि ती बरोबर आहे. आधी हा दमाच आहे का ते पाहतात, मग पंप कसा घेता ते पाहतात. पुष्कळ जण पंप दाबतात आणि त्याच क्षणी श्वास सोडतात. औषधाचा फवारा तोंडातूनच बाहेर जातो, छातीत काही पोचत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललेलं असतं आणि कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, सावकाश आत ओढून, दहा सेकंद श्वास धरून आणि नंतर चूळ भरून काही जणांचा दमा एवढ्यावरच निम्म्याहून शांत होतो. म्हणून ओपीडीला जाताना स्वतःचे सगळे पंप पिशवीत घालून न्या, रिकामे झालेलेसुद्धा. आणि केसपेपरवर ‘पंपाची पद्धत तपासली’ असं लिहून मागा. पुढे कोणी इंजेक्शनची शिफारस करायला बसलं की हा प्रश्न येतोच.

श्वासाची तपासणी: इथे फार जण फसतात

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची तपासणी. पंपाआधी एकदा फुंकायचं, पंपानंतर पुन्हा. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर एवढा वाढला तर दम्याला भक्कम पुरावा मिळतो. मात्र सकाळी निघताना नेहमीप्रमाणे पंप घेतला असेल तर श्वासनळ्या आधीच उघडलेल्या असतात, फरक दिसत नाही आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग तोच रिपोर्ट फायलीत राहतो आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर म्हणतो, तुम्हाला दमा नाही.

तपासणीची तारीख घेतानाच विचारा: कोणता पंप किती तास आधी थांबवू? आरामाचा पंप साधारण चार तास, बारा तासांचं औषध असलेला पंप चोवीस तास, दिवसातून एकदाचा असेल तर छत्तीस तास, असा ढोबळ हिशेब असतो, पण तुमच्यासाठी काय ते डॉक्टरांनीच सांगायला हवं. आणि वाटेत धाप लागली तर पंप घ्या. तपासणी पुढे ढकलता येते.

जो कागद कुणाकडेच नसतो

‘वर्षात किती अटॅक आले?’ या प्रश्नाचं उत्तर तोंडी सगळ्यांकडे असतं. कागदावर नसतं. कारण अटॅक आला की आपण जवळच्या डॉक्टरकडे जातो. ते इंजेक्शन देतात, पुडीत गोळ्या देतात, दोनशे-तीनशे रुपये घेतात. तासाभरात बरं वाटतं आणि माणूस घरी येतो. त्या पुडीत स्टेरॉइड होतं का, किती मिलिग्रॅम, किती दिवस, याची नोंद कुठेच राहत नाही. वर्षात पाचदा असं झालेलं असतं आणि तज्ज्ञापुढे फाइल उघडली की वर्ष कोरं.

मला राग येतो तो इथे. चिठ्ठी लिहून देणं हे डॉक्टरचं काम आहे, उपकार नाही. त्याच दिवशी मागा. लेटरहेडवर नाव, तारीख, ‘दम्याचा तीव्र झटका’ असा स्पष्ट उल्लेख, औषधाचं नाव, मात्रा, दिवस. चार ओळी पुरतात. दोन महिन्यांनी गेलात तर त्यांनाही आठवणार नाही. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या तर पक्कं बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव छापलेलं असतं.

दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते वॉर्डातून निघण्याआधी घरातल्या शिकलेल्या माणसाला वाचायला लावा. अनेक कार्डांवर फक्त ‘एलआरटीआय’ (श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा जंतुसंसर्ग) किंवा ‘ब्रॉन्कायटिस’ लिहितात. जंतुसंसर्ग असेलही, पण दम्याचा झटका होता आणि तो लिहिलाच नाही, तर पुढच्या डॉक्टरच्या दृष्टीने तो झटका आलाच नाही. सुटी होतानाच सांगा, तेव्हा दोन मिनिटांत दुरुस्त होतं. नंतर रेकॉर्ड रूमचे हेलपाटे.

रक्ताचंही असंच. अवघड दम्याच्या नव्या इंजेक्शनांपैकी ओमॅलिझुमॅब हे आयजीई (रक्तातलं अॅलर्जीशी संबंधित प्रथिन) पाहून ठरतं, त्याची मात्रा आयजीईचा आकडा आणि वजन यांवर काढतात. मेपोलिझुमॅब आणि बेन्रालिझुमॅब यांच्यासाठी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मोजतात, आणि त्या सीबीसी या रक्तपेशींच्या साध्या तपासणीतच कळतात. पण स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना इओसिनोफिल खाली जातात. ऐन गोळ्यांच्या आठवड्यात रक्त दिलं की आकडा कमी येतो आणि ‘बसत नाही’ असा शेरा पडतो. म्हणून जुने सीबीसी रिपोर्ट फेकू नका. ताप आला तेव्हाचा, बाळंतपणाचा, कुठलाही असो. त्यात कधीतरी वाढलेला आकडा सापडला तर तज्ज्ञ तो विचारात घेतात. मात्र रक्ताच्या तपासणीसाठी म्हणून चालू गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

पाच लाखांच्या योजनेचा खरा अर्थ

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सोलापूरकरांना नवी नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता ती आयुष्मान भारतला जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं.

‘पाच लाख मिळतात’ हे वाक्य मात्र डोक्यातून काढा. पैसे हातात मिळत नाहीत. योजनेत ठरलेले उपचार आहेत आणि ते दाखल रुग्णासाठी आहेत. गंभीर झटका, आयसीयू, व्हेंटिलेटर अशा वेळी ती उपयोगी पडते. दर महिन्याचे पंप, ओपीडीतलं इंजेक्शन यांसाठी नाही. महिन्याला हजारो रुपयांचं इंजेक्शन लिहून दिलं की लोक कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) जातात आणि नकार ऐकून खचतात. त्यात आरोग्यमित्राचा दोष नसतो, योजनाच तशी आहे. दम्यासारख्या आजाराला, जिथे ओपीडीतलं औषध वेळेवर मिळालं तर दाखल व्हायची वेळच येत नाही, अशी रचना का ठेवावी, हा प्रश्न सरकारला विचारायलाच हवा.

दाखल होताना करायचं एवढंच: रुग्णालय योजनेत आहे का, आणि या आजारासाठी आहे का, ते विचारा. आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. बिल भरून झाल्यावर परतावा मिळत नाही. आधार आणि रेशनकार्ड लागतं, आणि रुग्णाचं नाव त्या रेशनकार्डात हवं. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डात आणि आधारवर लग्नाआधीचं आडनाव, ही नेहमीची अडचण. पूर्वभागात तेलुगू आडनावांची स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन तऱ्हेची असते. हे झटका आल्यावर दुरुस्त होत नाही. आज तब्येत बरी असताना आधार केंद्रात आणि पुरवठा कार्यालयात जाऊन नावं जुळवून घ्या आणि आयुष्मान कार्डही काढून ठेवा. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

ईएसआय असेल तर आधी तिकडे

पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, तर तुमचा मार्ग वेगळा आणि बराच चांगला आहे. ईएसआयमध्ये ओपीडीची औषधंही येतात, कुटुंबालाही मिळतात, आणि खर्चाला ठरावीक कमाल रक्कम नाही. आधी आपला ठरलेला दवाखाना, तिथून होटगी रोडचं राज्य कामगार विमा रुग्णालय, आणि तिथून गरज पडल्यास पुढची रेफरल चिठ्ठी. हा क्रम मोडू नका. परस्पर खाजगीत जाऊन नंतर बिल लावलं की ते बहुतेक वेळा अडकतं. तातडीची गोष्ट वेगळी.

आजारपणाच्या रजेचा भत्ता मागताना तारखांचा घोळ होतो. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. मंदीत मशीन बंद राहिली, दिवस कमी भरले, तर त्याचा फटका तेव्हा नाही, पुढच्या अर्ध्या वर्षात बसतो. कारखान्यात चौकशी करा, वर्गणी खरोखर भरली जाते का तेही पाहा. आणि विडी कामगाराचं ओळखपत्र म्हणजे ईएसआयचं कार्ड नव्हे. खिडकीवर ते दाखवून भगिनी परत येतात, वाईट वाटतं.

धर्मादाय रुग्णालय आणि उत्पन्नाचा दाखला

सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा, कलम ४१ कक. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. पुण्या-मुंबईला रेफर झालात तर याचा फार उपयोग होतो. रुग्णालयाच्या नावात ‘ट्रस्ट’ नाही म्हणून सोडू नका, आणि सहकारी रुग्णालय म्हणजे धर्मादाय असंही धरून चालू नका. धर्मादाय कार्यालयात यादी विचारा. रुग्णालयात समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, बिलिंगच्या खिडकीला नाही.

यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यावर तो कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि बहुधा ती तारीख ३१ मार्च असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला घेऊन मेमध्ये गेलात तर तो बाद. एप्रिलमध्ये नवा काढा. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूमधून अर्ज करता येतो, आणि त्यासाठी लोकसेवा हक्क कायद्याची मुदत आहे. पावती घ्या, मुदत टळली तर अपील करता येतं. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर पुरेसं नाही.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीबद्दलही विचारणा होते. त्यासाठी आजारांची ठरावीक यादी आहे आणि त्यात दमा स्वतंत्रपणे नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही हेलपाटे घालू नका. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत दमा येत नाही.

योजनेच्या रुग्णालयाने नाकारलं, किंवा योजनेतल्या उपचारासाठी वर पैसे मागितले, तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नकाराचं कारण लेखी मागा. फायलीतले मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि झटका आलेला असताना यातलं काहीही शोधत बसू नका, आधी १०८ ला फोन लावा. तातडीच्या रुग्णाला योजनेत दाखल करून कागद नंतर देता येतात.