चार लोक आणि ते दोघे

‘चार लोक काय म्हणतील’ हे ऐकतच आपण मोठे होतो. या चार लोकांचा धाक माणसाला कुठवर वाकवतो, याचा मानसशास्त्रात पुष्कळ अभ्यास झाला. पण त्या चौघांसमोर दोघंच जण वेगळं बोलत राहिले, तर चौघांचं काय होतं? हा उलटा प्रश्न प्रयोगशाळेत नीट मांडायला १९६९ साल उजाडावं लागलं.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत ‘अल्पसंख्याक’ म्हटलं की धर्म किंवा भाषा डोळ्यांसमोर येते. इथे विषय अल्पमताचा आहे. धोंडो केशव कर्वे पुण्यात अल्पसंख्याक नव्हते, पण अल्पमतात होते, तेही अगदी घरापर्यंत.

सुरुवात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या रेघांपासून होते. १९५०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी एक साधा प्रयोग केला. समोर तीन रेघा, त्यातली कोणती नमुन्याच्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. उत्तर लहान मूलही देईल इतकं उघड. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅश यांनी पढवलेले, आणि ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. खऱ्या उमेदवारांनी सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिसळला. पुस्तकांत हाच आकडा गाजला. त्याच मालिकेतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खोलीत एक जण जरी खरं बोलणारा निघाला, तरी चुकांचं प्रमाण जवळपास पाव हिश्श्यावर येई. शेजारी एक सोबती असला की माणसाला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचं बळ येतं.

मानसशास्त्रज्ञ सर्ज मोस्कोव्हिसी यांनी हे सगळं दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. १९२५ साली रोमानियात ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्यूविरोधी कायद्यांमुळे शाळा सुटली, १९४१ सालचं बुखारेस्टमधलं हत्याकांड त्यांनी पाहिलं, वेठबिगारी सोसली आणि १९४८ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. सगळे एका बाजूला गेले की काय होतं, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळा होता : माणसं जर नेहमी बहुमताकडेच झुकत असतील, तर जगात नवं काही रुजतं तरी कसं?

त्यांच्या प्रयोगात सहा जणींचा गट असे. चौघी खऱ्या, दोघी आतून सामील. पडद्यावर ३६ स्लाइड यायच्या, सगळ्या निळ्या, फक्त कमी-जास्त उजळ. सुरुवातीलाच सगळ्यांची रंगांची नजर एकमेकींसमोर तपासली जाई. या तपासणीत खरी मेख होती, कारण पुढे त्या दोघींना ‘यांना रंग दिसत नाहीत’ म्हणून उडवून लावायची सोय राहिली नाही. मग त्या दोघी प्रत्येक स्लाइडला शांतपणे ‘हिरवा’ म्हणत. चौघींच्या उत्तरांपैकी ८.४२ टक्के उत्तरं ‘हिरवा’ आली, आणि ३२ टक्के जणींनी निदान एकदा तरी हिरवा म्हटलं. पण त्याच दोघी काही स्लाइडना हिरवा आणि काहींना निळा म्हणाल्या, तेव्हा परिणाम १.२५ टक्क्यांवर कोसळला. सामील तितक्याच जणी होत्या, फरक पडला तो सातत्यानं.

त्याच अभ्यासातला पुढचा भाग याहून विलक्षण आहे. नंतर प्रत्येकीला एकटीला बसवून निळ्या-हिरव्याच्या मधल्या छटा दाखवल्या. ज्या त्या ठाम दोघींसोबत गटात बसल्या होत्या, त्यांची हिरव्याची सीमारेषा सरकली होती. गटात ज्यांनी तोंडानं ‘हिरवा’ म्हटलंच नव्हतं, त्यांच्यातही हा बदल दिसला. चारचौघांत मान हलवली नाही, पण आत काहीतरी हललं होतं. १९८० मध्ये मोस्कोव्हिसींनी यावर सिद्धान्त मांडला. बहुमतापुढे आपण ‘मी वेगळा पडतोय का’ एवढंच बघतो. अल्पमतापुढे ‘हे असं का म्हणतायत’ म्हणून मूळ गोष्टीकडेच पुन्हा पाहतो. त्यांचे रंगांवरचे पुढचे काही दावे इतरांच्या प्रयोगांत टिकले नाहीत. तरी शार्लन नेमेथ यांनी बर्कलीत दाखवलं की अल्पमत चुकीचं असलं तरीही ऐकणाऱ्यांना जास्त वाटांनी विचार करायला लावतं.

मग सातत्य म्हणजे हट्ट का? जिनिव्हाच्या गॅब्रिएल म्युनी यांनी नेमका हाच भेद केला. मूळ मुद्द्यावर ठाम, पण वाटाघाटीत लवचीक असलेलं अल्पमत जास्त पटतं. ताठर अल्पमताला लोक स्वभावदोष म्हणून बाजूला सारतात. हे वाचताना मला पुण्याचाच इतिहास आठवतो. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडला गावानं बहिष्कार घातला. त्याच वर्षी त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. दोनच वर्षांत तिचं नाव झालं ‘विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’. विवाहाला उत्तेजन द्यायचं नाही, फक्त आड येणारे अडथळे दूर करायचे. एक शब्द मऊ केला, मुद्दा तसूभर सोडला नाही. १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रमही त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळा ठेवला, म्हणजे घाबरणाऱ्या घरांनाही मुलगी शिकायला पाठवता यावी. आधी किंमत स्वतः मोजली होती, त्यामुळे यात त्यांचा काही स्वार्थ आहे असं म्हणायलाही कुणाला जागा नव्हती. पुढे या आश्रमाची झोपडी जिथे उभी राहिली, त्या हिंगण्याला आज आपण कर्वेनगर म्हणतो.

हमीद दलवाई तर अल्पसंख्याक समाजातले अल्पमतवाले. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांच्या मोर्चात तोंडी तलाकविरुद्ध सात स्त्रिया चालल्या. सात! मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० मध्ये पुण्यात स्थापन झालं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला तो २०१७ मध्ये, दलवाई जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर.

आणि इथे या संशोधनातला सर्वांत बोचणारा धागा येतो. समाज अल्पमताची कल्पना उचलतो आणि ती आणली कुणी हे विसरतो. कल्पना पटते, पण ज्यांना आपण वेडं ठरवलं त्यांच्यासारखं दिसायला नको असतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घाटावर ‘मूर्ती दान करा’ म्हणत उभे राहायचे, तेव्हा त्यांना लोकांचा रोष सोसावा लागे. आज विसर्जनाचे हौद महापालिकाच मांडते.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतही हेच झालं. तळमजल्यावरच्या काकू दर वार्षिक सभेत उठून म्हणायच्या, गणपती आवारातच पिंपात विसर्जित करू, नदीत नको. आवाज चढवला नाही, एकाही वर्षी विषय सोडला नाही. ‘घरचा गणपती ज्याला नदीवर न्यायचाय त्यानं न्यावा, सोसायटीचा तेवढा इथे करू,’ हे पुढे त्यांनीच जोडलं. सहाव्या वर्षी अध्यक्षांनी स्वतःच तो ठराव मांडला आणि एकमतानं मंजूर झाला. काकूंनीही इतरांसारखाच हात वर केला.

नंतर मी सचिवांकडून इतिवृत्ताची वही मागून घेतली. पहिल्या वर्षीची नोंद एवढीच : ‘विषय क्र. ७. बाजूने २. नामंजूर.’ ते दोन हात कुणाचे, ते लिहिलेलं नाही. एक काकूंचा, दुसरा तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या एका मुलाचा. त्याला मतदानाचा हक्कही नव्हता, पण हात वर केला म्हणून कुणीतरी तो मोजला. पुढच्या सभेत ही नावं वहीत लिहून घ्यावीत, असा अर्ज मी दिला आहे.