टेम्प्लेट विकायला टाकताय? आधी त्याचा सातबारा तयार करा

“भाऊ, टेम्प्लेट तयार आहे. कुठं टाकू म्हणजे लवकर पास होईल?” असा मेसेज महिन्यातून दोन-तीनदा येतोच. कधी भुसावळहून, कधी शिरपूरहून, परवा तर शहाद्याहून आला. काम उघडून बघितलं तर बहुतेक वेळा चांगलं असतं. मग मी विचारतो, “यातला हा फोटो कुठून घेतला? हा सरकत्या फोटोंचा स्लायडर कोणाचा? पॅनकार्डावर नाव कसं लिहिलंय?” इथं पलीकडून उत्तर यायला वेळ लागतो. मंजुरी अडते ती बरेचदा याच ठिकाणी, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेम्प्लेट म्हणजे वेबसाइटचा तयार साचा. गिऱ्हाईक तो घेतं, त्यात आपलं नाव, फोटो, मजकूर भरतं आणि वेबसाइट चालू करतं. अशा साच्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा आहेत. त्यातली सगळ्यांना माहीत असलेली थीमफॉरेस्ट ही २००८ पासून आहे. ती मेलबर्नच्या एन्वाटो कंपनीची, आणि एन्वाटोला २०२४ मध्ये शटरस्टॉकने विकत घेतलं. इथं आपण साचा कायमचा विकत नाही, वापरायचा परवाना विकतो, त्यामुळे एकच साचा शंभर जणांना विकता येतो. साध्या परवान्यात गिऱ्हाईक तो एकाच वेबसाइटसाठी वापरू शकतं. वाचणाऱ्याकडून किंवा वापरणाऱ्याकडून पैसे घेणारी वेबसाइट काढायची असेल तर महागडा, वाढीव परवाना लागतो.

माल टाकला की लगेच दुकानात दिसत नाही. मधे एक तपासनीस बसलेला असतो.

पात्रता

विप्रो १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली, हे आपल्याकडच्या प्रत्येक करिअर मेळाव्यात ऐकवतात. त्या कारखान्याला जागा, यंत्रं, भांडवल असं बरंच काही लागलं असणार. टेम्प्लेट विकायला यातलं काही लागत नाही. डिग्री कोणी विचारत नाही, कंपनी नोंदवावी लागत नाही. वय अठरा पूर्ण, स्वतःच्या नावाचं पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि स्वतः केलेलं काम, एवढ्यावर सुरुवात होते.

‘स्वतः केलेलं’ या शब्दावर मात्र थांबा. तुम्ही एखाद्या कंपनीत नोकरीला असाल आणि तिथल्या कामाचा भाग म्हणून साचा बनवला असेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर त्याची मालक कंपनी असते. घरी येऊन रंग बदलले म्हणून तो तुमचा होत नाही. गिऱ्हाइकाला करून दिलेल्या वेबसाइटचंही आधी कागदावर बघून घ्या. धुळ्याच्या एखाद्या दुकानदाराला ‘सगळे हक्क तुमचे’ असं कोटेशनवर लिहून दिलं असेल, तर तेच डिझाइन बाजारपेठेवर टाकता येत नाही.

नोंदणीच्या वेळी बाजारपेठ ‘एक्स्क्लुझिव्ह’ आणि ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ असे पर्याय देत असेल, तर एक्स्क्लुझिव्ह म्हणजे ते टेम्प्लेट फक्त तिथंच विकायचं. त्यात वाटा जास्त मिळतो, पण नंतर तेच दुसरीकडं टाकलं तर करार मोडतो.

नाव आणि पत्ता

कागदपत्रं मोजकीच: पॅनकार्ड, ओळखीसाठी आधार किंवा पासपोर्ट, बँक खात्याचा तपशील आणि पत्ता. यादी छोटी आहे, पण अर्धे अर्ज इथंच लटकतात.

आपल्याकडं पॅनवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव असतं. पासबुकवर आडनाव आधी. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गावात अर्धे पाटील आणि उरलेले चौधरी-महाजन, त्यामुळे वडिलांच्या नावानेच माणूस ओळखला जातो. पण परदेशातल्या संगणकाला हे कोण सांगणार? त्याला तीन कागदांवर तीन माणसं दिसतात. म्हणून पॅनवर जे स्पेलिंग आहे, अक्षरन्‌अक्षर तेच बँकेत आणि बाजारपेठेच्या खात्यावर ठेवा. बँकेतलं नाव दुरुस्त करायला एक चक्कर मारावी लागते. पहिली कमाई अडकल्यावर मारण्यापेक्षा आत्ताच मारा.

खातं बँकेचंच हवं. पतसंस्थेतलं चालत नाही.

पत्त्याची गंमत वेगळीच. अमेरिकेच्या कराच्या अर्जात राहायचा कायमचा पत्ता द्यावा लागतो आणि तिथं पोस्टाची पेटी चालत नाही. आपण सवयीने ‘मु. पो.’ म्हणून इंग्रजीत ‘ॲट पोस्ट’ लिहितो आणि पुढं थेट तालुका. घराचा पत्ता कुठंच नाही! खेड्यात घर नंबर आठवत नसेल तर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर मिळकत क्रमांक असतो. तो, गल्लीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असं लिहिलं की घराचा पत्ता झाला.

सातबारा

जमीन घेताना आपण आधी सातबारा काढतो. नाव कोणाचं आहे ते बघतोच, पण जाणता माणूस ‘इतर अधिकार’ या रकान्यावर बोट ठेवतो. बोजा आहे का, कूळ आहे का. टेम्प्लेटचंही तसंच समजा. मालक तुम्ही असाल, पण आत दुसऱ्यांचं बरंच काही असतं: फोटो, आयकॉन, फॉन्ट, स्लायडर, फॉर्म पाठवणारा कोड. या प्रत्येकाची एक ओळ लिहून ठेवायची. काय वापरलं, कुठून घेतलं, कोणता परवाना, आणि विकायच्या मालात ते देता येतं का.

बरंचसं मोकळं असतं. बूटस्ट्रॅप आणि जेक्वेरी हे वेबसाइट बनवायचे तयार कोडसंच एमआयटी या मोकळ्या परवान्यावर आहेत. परवान्याची मूळ ओळ काढून टाकली नाही की झालं. गुगल फॉन्ट्समधले बहुतेक फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. फॉन्ट ऑसम या आयकॉनसंचाच्या फुकट आवृत्तीत मात्र एकाच पुडक्यात तीन परवाने निघतात: आयकॉन क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० खाली, म्हणजे श्रेय द्यायलाच हवं, फॉन्ट फाइल खुल्या फॉन्ट परवान्याखाली आणि कोड एमआयटीखाली. ‘फ्री’ लिहिलंय एवढं वाचून पुढं गेलात तर या तीन ओळी सुटतात.

खरी अडचण फोटोंची. गुगलवर शोधून उचललेला फोटो तर विसराच. तयार फोटोंच्या साइटवरून विकत घेतलेला स्टॉक फोटोसुद्धा डेमोमध्ये, म्हणजे नमुना वेबसाइटवर, दाखवता येतो म्हणून गिऱ्हाइकाच्या झिप फाइलमध्ये देता येतोच असं नाही. म्हणून चालीरीत अशी की डेमोत फोटो, झिपमध्ये त्या जागी राखाडी चौकोन, आणि माहितीपत्रकात ‘फोटो फक्त दाखवण्यापुरते आहेत’ अशी स्पष्ट ओळ.

यावर मी शोधलेला उपाय अस्सल खान्देशी आहे. शेतमाल निर्यातदारांसाठी एक टेम्प्लेट करत होतो. बाहेरचे फोटो घेतलेच नाहीत. रावेरकडं एका ओळखीच्या बागेत जाऊन केळीचे घड, पॅकिंगची खोकी, भरलेला ट्रक असे फोटो स्वतः काढले. नंदुरबारला मिरचीच्या पथारींचे काढले. फोटो माझे, त्यामुळे ‘इतर अधिकार’ रकाना रिकामा. फक्त ज्या फोटोत माणसाचा चेहरा ओळखू येत होता, त्याची लेखी संमती घेतली. घड कापणारे आबा म्हणाले, “मना फोटोनं काय व्हई?” पण सही केली. पहाटेच्या उजेडात काढलेले ते फोटो कुठल्याही स्टॉक साइटवरच्या हसऱ्या ऑफिसवाल्यांपेक्षा वेगळे दिसतात, आणि तपासनीस रोज तेच ते हसरे चेहरे बघून विटलेला असतो.

वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी थीम, म्हणजे साचे, करणाऱ्यांना एक जादा ओळ लागते. वर्डप्रेस स्वतः जीपीएल या खुल्या परवान्यावर आहे, आणि त्यावर बेतलेला कोडही त्याच परवान्याने द्यावा लागतो, त्यामुळे थीमचा पीएचपी कोडही जीपीएलखालीच येतो. डिझाइन, चित्रं वगैरेंना बाजारपेठेचा वेगळा परवाना लावायची पद्धत आहे.

अर्जात काय काय जोडायचं

थीमफॉरेस्टची रीत सांगतो, बाकीच्या ठिकाणी थोडाफार फरक. ८० बाय ८० पिक्सेलचं छोटं चित्र, ५९० बाय ३०० पिक्सेलचं दर्शनी चित्र, मुख्य झिप फाइल, इंग्रजीत वर्णन, टॅग आणि चालू डेमोची लिंक. झिपमध्ये माहितीपत्रक हवंच. ते लिहायला कंटाळा करू नका. ज्याला कोड येत नाही अशा माणसाला लोगो कसा बदलायचा हे त्यातून कळलं पाहिजे. डेमो स्वस्तातल्या होस्टिंगवर ठेवला आणि नेमका तपासणीच्या वेळी बंद पडला, तर तपासायला काही उरतच नाही.

तपासनीस काय बघतो

पहिल्यांदा टाकणाऱ्यांनी साध्या एचटीएमएल (वेबपानाची मूळ भाषा) टेम्प्लेटपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. वर्डप्रेसमध्ये सुरक्षेची वेगळी तपासणी असते: बाहेरून आलेली माहिती साफ करून घेतली का, पानावर दाखवण्याआधी एस्केप केली का, म्हणजे ती कोड म्हणून चालणार नाही असं केलं का, शॉर्टकोडसारख्या (मजकुरात टाकायच्या छोट्या आज्ञा) गोष्टी थीममध्ये कोंबल्यात की वेगळ्या प्लगइनमध्ये, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरमध्ये, दिल्यात. वर्डप्रेसचाच हट्ट असेल तर आधी वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात एक फुकट थीम टाकून बघा. पैसे मिळत नाहीत, पण थीम चेक नावाचं प्लगइन आणि तिथले तपासणारे लोक फुकटात शिकवतात.

एचटीएमएलला डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनातून, काढा. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोडच्या चुका दाखवणारी खिडकी, उघडा, तिथं एकही लाल ओळ नको. मोबाइलवर ३२० पिक्सेल रुंदीपर्यंत पान आडवं सरकता कामा नये. लांब मजकुराची माझी परीक्षा ठरलेली आहे: मथळ्याच्या जागी ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’ टाकतो. ज्या डब्यात हे नाव न फाटता, मात्रा न कापता बसतं, त्यात कुठल्याही जर्मन गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव बसतं.

एवढं करूनही नापास होता येतं. माझं पहिलं टेम्प्लेट एका बाजारपेठेने सरळ परत पाठवलं, कारण म्हणून ‘दर्जा पुरेसा नाही’ अशा अर्थाचं एक गोल वाक्य. आठवडाभर मी तपासनिसाला शिव्या दिल्या. मग पानाची प्रिंट काढून पट्टीने मोजलं. एका विभागाखाली मोकळी जागा जास्त, दुसऱ्याखाली कमी. बटणं चार जातींची. मथळे कुठं जाड, कुठं बारीक. कोड चोख होता. पान मात्र लग्नाच्या पंगतीत वेगवेगळ्या घरून आणलेल्या ताटांसारखं दिसत होतं. मग पुढच्या वेळी मोकळ्या जागेची मापं आधी कागदावर ठरवली आणि त्याबाहेर गेलो नाही.

निकाल तीन प्रकारचे येतात. मंजूर झालं तर प्रश्नच नाही. ‘सॉफ्ट रिजेक्ट’ म्हणजे माल चालेल, एवढ्या दुरुस्त्या करून परत टाका. सोबत दुरुस्त्यांची यादी येते. हे ऐकून लोक खचतात, पण ही खरं तर अर्धी मंजुरी आहे. फक्त घाई करू नका. मी एकदा रात्रीत दुरुस्त्या करून टाकल्या, दुसरं पान तपासलंच नाही, आणि त्या दुरुस्तीनेच तिथला मेनू मोडला. पुन्हा रांगेच्या शेवटी. यादीत एका पानावरची चूक दाखवली असेल तर तीच चूक सगळ्या पानांवर शोधा. तपासनीस नमुना दाखवतो, मोजणी आपण करायची. ‘हार्ड रिजेक्ट’ आलं तर ते टेम्प्लेट तिथं पुन्हा टाकता येत नाही. नाव बदलून टाकायचा शहाणपणा केलात तर खात्यावरच गदा येते.

पैसे आणि कर

थोडक्यात सांगतो, बाकी सीएला विचारा. भारतात पेपॅलवर आलेली रक्कम आपोआप जोडलेल्या बँक खात्यात जाते. त्यासाठी पॅन आणि रक्कम कशापोटी आली याचा पर्पज कोड भरावा लागतो. परदेशातून पैसे आल्याचा दाखला जपून ठेवा.

अमेरिकेतल्या रॉयल्टीवर तिथं ३० टक्के कर कापतात. ‘डब्ल्यू-८ बेन’ हा अर्ज भरून, पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर तो १५ टक्क्यांवर येतो. हा अर्ज सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो. २०२५ मध्ये भरला तर २०२८ अखेर. मुदत संपली की गुपचूप ३० टक्के सुरू होतात, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथं कापलेल्या कराची वजावट इथल्या रिटर्नमध्ये मागता येते.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केलीच तर निर्यात शून्य दराची असते, पण दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, भरायला विसरू नका.

मंजुरी मिळाल्यावर मदतीचं काम सुरू होतं. मदत देणार असं तुम्ही कबूल केलं असेल तर थीमफॉरेस्टवर गिऱ्हाइकाला सहा महिने ती द्यावी लागते, आणि पैसे भरून त्याला ती मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढवता येते. प्रश्न बहुतेक रात्री येतात, कारण अमेरिकेत तेव्हा दिवस असतो. मे महिन्यात जळगावात दुपारी लॅपटॉपला हात लावायची सोय नसतेच, त्यामुळे मी तसाही रात्री दहानंतर गच्चीवर बसून उत्तरं देतो.