राफाएलला 300 पौंड, भित्तिपटांना 8,260

1649 च्या जानेवारीत राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि इंग्लंडच्या संसदेने त्याचा संग्रह विकायला काढला. राजाची देणी थकली होती. विक्रीआधी वस्तूंच्या किमती ठरवल्या गेल्या. आधीच्या काळातला इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने ब्रसेल्सहून घेतलेल्या, बायबलमधल्या अब्राहमकथेच्या दहा भित्तिपटांना, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रपटांना 8,260 पौंड, तर इटालियन चित्रकार राफाएलच्या सात भव्य चित्रांना अवघे 300.

हा अडाणीपणा नव्हता. चित्राला लागतं काय, फळी किंवा कापड आणि रंग. भित्तिपटाला लोकर, रेशीम, सोन्याचा मुलामा दिलेली जर लागे आणि विणकरांचा अख्खा ताफा मागावर बसे. दरबार हलला की पट गुंडाळून बरोबर नेता येत, थंड दगडी भिंतींना ऊब येई आणि परक्या राजदूताला खजिना न उघडताच ऐश्वर्य दिसे. 1547 मध्ये हेन्री वारला तेव्हा त्याच्याकडे 2,000 हून अधिक पट होते.

राफाएलची ती चित्रंही मुळात भिंतीवर लावायची नव्हतीच. पोप दहाव्या लिओने व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलसाठी पट विणवून घेतले, त्यांचे हे कागदावरचे रंगीत नमुने. विणकरांच्या सोयीसाठी त्यांच्या उभ्या पट्ट्या कापलेल्या होत्या. चार्ल्सने 1623 मध्ये ते मागवले तेही लंडनजवळच्या मॉर्टलेकमधल्या, पट विणणाऱ्या मागांसाठी.

त्याच वर्षी त्याची नजर मात्र पालटली. युवराज असताना स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला तो माद्रिदला गेला. सोयरीक फिसकटली, पण व्हेनिसचा चित्रकार तिशियन याची चित्रं मनात भरली. पुढे त्याने इटलीतल्या मांटुआच्या गोंझागा या सत्ताधारी घराण्याचा संग्रह विकत घेतला, 1632 मध्ये फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकला आश्रय दिला. भाव जरीला होता त्या काळात त्याने चित्रकाराच्या हातावर एवढा पैसा ओतला, यातच मला त्याचं संग्राहक म्हणून मोठेपण दिसतं.

विक्रीत काही धनकोंना रोखीऐवजी चित्रंच मिळाली. राजवाड्याच्या प्लंबरच्या वाट्याला इटालियन चित्रकार बसानोचं एक चित्र आलं. अब्राहमचे पट आणि राफाएलचे नमुने संसदेच्या बाजूचा नेता क्रॉमवेल याच्यासाठी राखून ठेवले गेले. 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर त्याचा मुलगा दुसऱ्या चार्ल्सने बरंच काही परत मिळवलं. देशाबाहेर गेलेलं मात्र गेलंच. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं, येशूची आई मेरीच्या मृत्यूचं चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. माद्रिदमध्ये भेट मिळालेलं, पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याचा कुत्रा असं तिशियनचं चित्र पुन्हा स्पेनला पोहोचलं. ते आता प्रादो संग्रहालयात आहे.