डॉज चार्जर डेटोना (विद्युत मसल कार)

डॉज चार्जर डेटोना : डॉज कंपनीच्या चार्जर या अमेरिकन मसल कारचे बॅटरीवर चालणारे रूप. ५ मार्च २०२४ रोजी ही गाडी जाहीर झाली. तिची बांधणी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, विंडसर येथील कारखान्यात होते. त्याआधीची व्ही-८ इंजिनाची चार्जर याच प्रांतातील ब्रॅम्प्टन येथे तयार होत असे. तिचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले.

मसल कार म्हणजे साधारण आकाराच्या, नोकरदाराला परवडेल अशा गाडीत बसवलेले मोठे व्ही-८ इंजिन. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार रुजला. चार्जर १९६६ मध्ये आली. डेटोना हे नाव १९६९ च्या, शर्यतीसाठी काढलेल्या आवृत्तीचे. तिला पुढे टोकदार नाक आणि मागे जवळपास ५८ सेंटिमीटर उंचीचा पंख होता. नासकार या अमेरिकेतील मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या नियमासाठी अशा ५०३ गाड्या काढल्या होत्या. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगा येथील शर्यतमार्गावर चालक बडी बेकर यांनी याच प्रकारच्या गाडीत ताशी २००.४४७ मैल (सुमारे ३२३ किमी) वेग गाठला. बंदिस्त धावपट्टीवर नासकारच्या गाडीने २०० मैलांचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. नव्या गाडीला हे नाव दिल्यामुळे अपेक्षा किती वाढल्या असतील, हे यावरून कळते.

शक्ती आणि चाके

गाडीचा सांगाडा ‘एसटीएलए लार्ज’ या मंचावर, म्हणजे अनेक गाड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक पायावर, उभा आहे. हा मंच बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्हींसाठी आखलेला आहे, आणि पुढे नेमकी हीच सोय कंपनीच्या कामी आली. पुढच्या आणि मागच्या आसांवर प्रत्येकी एक विद्युत संच असतो. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची एकदिश वीज मोटरसाठी प्रत्यावर्ती करणारे उपकरण) आणि दंतचक्रपेटी एकाच कवचात बसवलेल्या आहेत. गाडीच्या दोन आवृत्त्या आहेत, आर/टी आणि अधिक ताकदीची स्कॅट पॅक. आर/टीची कमाल शक्ती ४९६ अश्वशक्ती आहे. स्कॅट पॅकची कमाल शक्ती ६७० अश्वशक्ती आणि पीळ (टॉर्क) ८५० न्यूटन-मीटर. यातली शेवटची ४० अश्वशक्ती सुकाणूवरचे ‘पॉवरशॉट’ बटण दाबल्यावर काही सेकंदांपुरतीच मिळते. स्कॅट पॅक थांबलेल्या स्थितीतून ताशी ९६ किमीपर्यंत ३.३ सेकंदांत पोहोचते. पाव मैलासाठी (सुमारे ४०० मीटर) कंपनीने सांगितलेला वेळ सुमारे ११.५ सेकंद आहे.

गरज नसताना पुढचा संच चाकांपासून सुटा होतो. त्यामुळे महामार्गावर वीज वाचते, आणि ‘डोनट’सारख्या (गाडी जागच्या जागी गोल फिरवण्याच्या) प्रकारांत फक्त मागची चाके ओढतात. स्कॅट पॅकच्या मागच्या आसावर यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणजे एकच चाक घसरून सगळी ताकद वाया जाऊ न देणारी यंत्रणा.

पाव मैलाच्या शर्यतीआधी ‘रेस प्रेप’ चालू करून बॅटरीला योग्य तापमानावर येऊ द्यावे लागते. मग लाइन लॉक पुढचे ब्रेक धरून ठेवतो, मागची चाके जागेवर फिरवून टायर तापवले जातात. त्यानंतर लाँच कंट्रोल (सुटताना ताकद आवरून देणारी व्यवस्था) निवडून दोन्ही पेडल दाबायची आणि ब्रेक सोडायचा. बॅटरी थंड असेल किंवा चार्ज बराच उतरलेला असेल, तर भाराखाली व्होल्टेज खाली येते आणि शक्ती घटते. म्हणून लागोपाठच्या फेऱ्यांत वेळ हळूहळू वाढत जातो. पेट्रोलच्या गाडीत टाकी अर्धी झाली की गाडी उलट हलकी होते. इथे तसे घडत नाही.

आवाज

सर्वाधिक मेहनत आवाजावर घेतलेली दिसते. ‘फ्रॅट्झॉनिक’ ही यंत्रणा अँप्लिफायर आणि स्पीकरच्या साह्याने आवाज निर्माण करते. गाडीच्या मागच्या भागातील पोकळ कक्षातून तो बाहेर पडतो आणि शक्तीच्या मागणीप्रमाणे चढतो-उतरतो. १७ ऑगस्ट २०२२ रोजी दाखवलेल्या संकल्पना-गाडीसाठी कंपनीने १२६ डेसिबलचा आकडा सांगितला होता. नाव १९६२ ते १९७६ या काळातल्या डॉजच्या तीन टोकांच्या ‘फ्रॅट्झॉग’ चिन्हावरून घेतले आहे. मालकाला हा आवाज बंद करता येतो. पण पादचाऱ्यांना सावध करणारा आवाज ताशी सुमारे ३० किमीपर्यंत अमेरिकन नियमानुसार सक्तीचाच असतो. २०२५ मध्ये ८,३९० गाड्या नेमक्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या. त्यांतील काहींच्या अँप्लिफायरमध्ये सॉफ्टवेअरच नव्हते, त्यामुळे हळू चालणारी गाडी पूर्ण मूक राहत होती. उपाय सोपा होता, अँप्लिफायरचे सॉफ्टवेअर विक्रेत्याकडे विनामूल्य घालून घेणे. जुनी गाडी विकत घेताना हे काम झाले आहे का, ते चासिस क्रमांकावरून तपासून घ्यावे.

वजन

खरी अडचण वजनाची. स्कॅट पॅक सुमारे २,६५० किलोची आहे. आधीची ७०७ अश्वशक्तीची चार्जर हेलकॅट २,०८० किलोच्या आसपास होती. म्हणजे त्याच वेगाला नव्या गाडीत सव्वापटीहून अधिक गतिज ऊर्जा असते, आणि थांबताना ती ब्रेकना जिरवावी लागते. म्हणून ट्रॅक पॅकेजमध्ये पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो कॅलिपर, सुमारे ४१० मिमीच्या तबकड्या, आणि पुढे ३०५ व मागे ३२५ मिमी रुंदीचे टायर येतात. गती कमी करताना मोटरी जनित्राचे काम करून ब्रेकचा भार हलका करतात. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर ही ऊर्जा परत घ्यायला जागा उरत नाही. घाट उतरण्याआधी १०० टक्के चार्ज करू नये, ते यासाठीच.

चार्जिंग

बॅटरी १००.५ किलोवॉट-तासांची असून त्यातील ९३.९ वापरता येतात. अमेरिकी मोजणीनुसार आर/टी एका चार्जमध्ये सुमारे ४९५ किमी जाते आणि स्कॅट पॅक ३८८ किमी. घरी २४० व्होल्टवर, ११ किलोवॉटने रिकामी बॅटरी भरायला साधारण नऊ तास लागतात. त्यासाठी ४८ अँपिअरचा चार्जर आणि ६० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर हवा, कारण अमेरिकेत सततचा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा असतो. जलद चार्जिंगचा कमाल दर १८३ किलोवॉट आहे. २० ते ८० टक्क्यांना २७ मिनिटे लागतात, म्हणजे सरासरी १२५ किलोवॉटच पडतात, कारण बॅटरी भरत जाते तसा दर उतरत जातो. कमाल दरालाही ४०० व्होल्टच्या रचनेची मर्यादा आहे. १८३ किलोवॉटसाठी तिला साडेचारशेहून अधिक अँपिअर लागतात आणि केबल-जोडणीची मर्यादा त्याच्या आसपासच आडवी येते. ८०० व्होल्टची, दोन गिअरची ‘बॅन्शी’ आवृत्ती हे दुखणे दूर करणार होती, पण ती उत्पादनात आली नाही.

बाजार

आर/टीची सुरुवातीची किंमत ५९,५९५ डॉलर आणि स्कॅट पॅकची ७३,१९० डॉलर होती, वाहतूक खर्च वेगळा. मसल कारचा मूळ करार स्वस्त ताकदीचा होता, आणि तो इथे मोडला. वेगाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, तरीही ग्राहक दुरावले, ते आवाजाबरोबरच याही कारणाने. अमेरिकेचे आयात शुल्क वाढल्यावर २०२६ साठी आर/टीचे उत्पादन पुढे ढकलले गेले. ३० सप्टेंबर २०२५ नंतर विद्युत गाड्यांवरची संघीय करसवलतही संपली. त्याच ढाच्यावर ‘सिक्सपॅक’ ही पेट्रोल आवृत्ती आली. तिच्यात ३ लिटरचे, दोन टर्बोंचे, सरळ सहा सिलिंडरचे इंजिन असून शक्ती ४२० किंवा ५५० अश्वशक्ती आहे. वजनाने ती विद्युत स्कॅट पॅकपेक्षा चारशेहून अधिक किलोंनी हलकी आहे.