परदेश प्रवासातील औषधे : नियम व व्यवहार

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाने स्वतःच्या उपचारासाठी बरोबर नेलेल्या औषधांना, विशेषतः डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या व नियंत्रित वर्गातील औषधांना लागू होणारे नियम. निघण्याच्या, उतरण्याच्या आणि काही वेळा विमान बदलण्याच्या देशाचा कायदा येथे पाहावा लागतो. भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी औषध रीतसर मिळाल्याचा पुरावा ठरते. ते दुसऱ्या देशात नेण्याचा परवाना ठरत नाही.

स्वतःपुरते औषध बरोबर नेऊ देणाऱ्या सवलतीचा उगम कोठे मानावा, हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. १९१२ चा हेग अफू करार आणि आयात परवान्याची पद्धत रूढ करणारा १९२५ चा जिनीव्हा करार यांचा रोख व्यापारावर होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या एकल कराराने गुंगीकारक द्रव्यांचा वापर वैद्यकीय व शास्त्रीय कारणांपुरता मर्यादित केला. त्याच्या ३२ व्या कलमात जहाजे व विमाने यांतील प्रथमोपचार पेट्यांना सूट आहे. प्रवाशाच्या पिशवीतील गोळ्यांचा मात्र तेथे उल्लेख नाही. ‘वैद्यकीय कारण’ या शब्दांतच रुग्ण प्रवाशाची सूट गृहीत आहे, असा अर्थ लावता येतो. तथापि १९७१ च्या मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या करारातील चौथे कलम हा अधिक भक्कम आधार दिसतो, कारण वैयक्तिक वापरासाठी अल्प प्रमाणात औषध नेण्याचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. तरीही सदस्य देश अशी परवानगी ‘देऊ शकतात’, एवढेच ते कलम सांगते. म्हणजे निर्णय शेवटी उतरण्याच्या देशाकडेच राहतो. अनेक ठिकाणी आढळणारी ३० दिवसांची मर्यादा शेंगेन, म्हणजे आपसांतील सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या, १९९० च्या अंमलबजावणी कराराच्या ७५ व्या कलमाशी जोडली जाते. त्यातील प्रमाणपत्राची सोय शेंगेन देशांतील रहिवाशांसाठी आहे, भारतीय पर्यटकासाठी नाही.

भारतात १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू आहे. त्याखालील नियम ६६ नुसार व्यक्तीला वैद्यकीय वापरासाठी मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या औषधाच्या १०० मात्रा, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे खास लिहून दिल्यास ३०० पर्यंत मात्रा जवळ बाळगता येतात. २०१८ मध्ये ट्रामाडोल या वेदनाशामकाचा समावेश या कायद्यात झाला. बाहेरून औषध आणताना १९४५ च्या औषध नियमांतील नियम ३६ लागतो. प्रवाशाच्या सामानातील एका औषधाच्या १०० सरासरी मात्रांपर्यंत त्यात मुभा आहे.

जपान अँफेटामिन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधे चिठ्ठी असली तरी येऊ देत नाही. एका महिन्यापेक्षा जास्त पुरतील इतकी चिठ्ठीवरची औषधे तेथे न्यायची, तर आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन (खोकला व वेदना यांवरचे अफूवर्गीय औषध) व ट्रामाडोल नियंत्रित असून सरकारची पूर्वपरवानगी लागते. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांचा साठा चालतो.

पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशांच्या अडचणी बहुधा कायद्यापेक्षा सवयीतून येतात. मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला निघालेले आई-वडील सगळा साठा येथूनच भरून नेतात. तेथे सर्वसाधारणपणे ९० दिवसांपुरता साठा योग्य मानला जातो. पेठांतल्या दुकानांत दहाच्या पाकिटातून कात्रीने चार गोळ्या कापून देण्याची रीत आहे. अशा तुकड्यावर नाव असले तर मुदत नसते, आणि मुदत असली तर नाव अर्धे. वारांच्या कप्प्यांच्या डबीत ओतलेल्या गोळ्यांची ओळख त्याहून अवघड. चिंतेवरच्या गोळीचे चिठ्ठीवर ‘अल्प्रॅक्स’ असे व्यापारी नाव असते. परदेशी अधिकाऱ्याला ‘अल्प्राझोलाम’ हे मूळ नाव लागते. म्हणून डॉक्टरांच्या छापील कागदावर मूळ नाव, मात्रा, आजार व नोंदणी क्रमांक असलेले इंग्रजी पत्र घ्यावे आणि औषध मूळ वेष्टनात ठेवावे. पत्रावरील नाव पारपत्राशी जुळावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे पाहून घेतलेले बरे.

आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समज सीमेवर टिकत नाही. कामिनी विद्रावण रसाच्या पारंपरिक पाठात अफू आहे, जातिफलादि चूर्णात भांग. खसखस तर औषधही नव्हे. पण अमिरातीत व सिंगापुरात ती निषिद्ध आहे, त्यामुळे दिवाळीच्या फराळातील अनारसे त्या सामानातून वगळावे लागतात.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच न्यावे, कारण मालकक्षात ते गोठू शकते. विमानात द्रवांवर असलेली १०० मिलिलिटरची मर्यादा आवश्यक औषधांना बहुधा लावली जात नाही, मात्र तपासणीत ती वेगळी काढून दाखवावी लागतात.