ॲस्बेस्टॉसचे आजार आणि माजी सैनिकांची नुकसानभरपाई

ॲस्बेस्टॉस या न जळणाऱ्या खनिजाच्या तंतूंमुळे होणारे आजार आणि त्यांपोटी सैन्यातून निवृत्त झालेल्यांना मिळणारी भरपाई हा विषय प्रामुख्याने अमेरिका आणि ब्रिटन या देशांत, आणि तिथेही सर्वाधिक नौदलाच्या संदर्भात, पुढे आला. १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत बांधलेल्या युद्धनौकांमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. त्या नौकांवर विशीत काम केलेली माणसे आजारी पडली ती साठी-सत्तरी उलटल्यावर. तोवर नौका मोडीत निघालेल्या होत्या, बरोबरचे सहकारी पांगले होते आणि माल पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली होती. या आजाराच्या भरपाईचा सगळा कायदा या उशिराभोवती घडला आहे.

नौकांवरील वापर : वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत उष्णता रोखणारे आवरण ही चैन नव्हती. महायुद्धकालीन अमेरिकी विनाशिकांच्या बॉयलरमधून सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ टर्बाइनकडे जाई. तिचे पाइप उघडे राहिले असते, तर बॉयलर रूममध्ये माणूस टिकलाच नसता. स्वस्त, हलके, न जळणारे ॲस्बेस्टॉस म्हणूनच बॉयलर, टर्बाइन आणि पाइपांवर थापले जाई. पंप व व्हॉल्व्हच्या सांध्यांतून गळती होऊ नये म्हणून बसवलेल्या गॅस्केटमध्ये आणि पॅकिंगमध्येही तेच असे. आवरण शाबूत असेतो धोका कमी असतो. पण नौकेवर ते शाबूत राहत नसे. व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा म्हणजे आधी आवरण फोडायचे, मग चिकटून बसलेले जुने गॅस्केट खरवडून तारेच्या ब्रशने घासायचे. ही धूळ बंदिस्त जागेत तरंगत राही. अनेक खलाशांच्या झोपण्याच्या फळ्यांवरूनच हे पाइप जात. नौका मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत आली की जुनी आवरणे उतरवली जात आणि खलाशी बहुधा नौकेवरच असत. भूदल आणि हवाई दलातही बरॅकींचे बांधकाम, वाहनांचे ब्रेक यांतून संपर्क येई, पण बॉयलर रूममधल्या माणसाइतका क्वचितच. कारखान्यातला कामगार निदान काम सोडून जाऊ शकतो. खलाशाला तर हुकूम पाळणे भागच होते. भरपाईच्या वादात ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने घेतली गेली नाही.

आजार : श्वासाबरोबर आत गेलेले सूक्ष्म तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत. फुप्फुसाच्या ऊतीत त्यांच्यामुळे व्रण साचत गेले की ॲस्बेस्टॉसिस होतो; दम लागणे वाढत जाते आणि ते पूर्ववत होत नाही. फुप्फुसाचा कर्करोग हा दुसरा परिणाम असून धूम्रपान करणाऱ्यांत त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. फुप्फुसांच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. संपर्क आणि निदान यांत त्याला साधारण २० ते ५० वर्षे लागतात, मात्र निदानानंतर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षच जगतात. फुप्फुसावरणावरील जाड चट्टे पुष्कळांत आढळतात. ते संपर्काची खूण असतात, पण त्यांचा सहसा त्रास होत नाही.

धोका कधी कळला, यावर न्यायालयांत फार वाद झाले. १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या कंत्राटावर काम करणाऱ्या गोद्यांतील पाइप-आवरण कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्या १,०७४ जणांत ॲस्बेस्टॉसिसचे तीनच रुग्ण सापडले आणि हे काम फारसे धोक्याचे नाही, असा निष्कर्ष निघाला. पण या कामगारांपैकी बहुतेकांची नोकरी दहा वर्षांच्याही आतली होती, आणि ते तिन्ही रुग्ण वीस वर्षांहून अधिक काळ या कामात असलेले होते. आजार दिसायला लागणारा वेळच पाहणीत मोजला गेला नव्हता. पुढची कित्येक वर्षे कंपन्या बचावासाठी हा निष्कर्ष पुढे करत राहिल्या. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांच्या आधारे मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध मांडला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी आवरण-कामगारांमधील मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. १९७० ते १९७४ या काळात अमेरिकी नौदलाचे प्रमुख असलेले ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांचाही जानेवारी २००० मध्ये मेसोथेलिओमानेच मृत्यू झाला.

सरकारी भरपाई : अमेरिकेत माजी सैनिक व्यवहार विभागाकडे दावा करता येतो. तो खटला नसतो, कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मात्र तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आजाराचे निदान, सेवेतील संपर्क आणि या दोहोंना जोडणारे वैद्यकीय मत. विभागाने सेवेतल्या कामांनुसार संपर्काच्या शक्यतेची यादी केली असून बॉयलर आणि इंजिन सांभाळणारे त्यात वरच्या पायरीवर आहेत. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच भरला, तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला देणे कायद्याने बंधनकारक आहे. सक्रिय मेसोथेलिओमाला १०० टक्के अपंगत्व धरतात. एकट्या व्यक्तीसाठी २०२४ मध्ये ही रक्कम महिन्याला सुमारे ३,७३८ डॉलर होती. ॲस्बेस्टॉसिसची टक्केवारी श्वसनक्षमतेच्या चाचणीवर १० ते १०० अशी ठरते. नुसत्या चट्ट्यांना सहसा काही मिळत नाही. मृत्यू या आजाराने झाला, तर विधवेला किंवा विधुराला वेगळे मासिक वेतन मिळते.

कागदोपत्री हे सरळ वाटते, पण अडते ते पुराव्यावर. खलाशाच्या सेवापुस्तकात नौकेचे नाव आणि हुद्दा असतो. त्याने अमुक दिवशी गॅस्केट खरवडले, असे कोणी लिहून ठेवलेले नसते. म्हणून हयात सोबत्यांची निवेदने मोलाची ठरतात. जुलै १९७३ मध्ये सेंट लुइस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत भूदल आणि हवाई दलाच्या सुमारे १.६ ते १.८ कोटी सेवानोंदी नष्ट झाल्या. नौदलाच्या नोंदी वाचल्या. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉसचा वाटा दाखवणारे वैद्यकीय मत अधिक भक्कम लागते. विभागाकडे पहिला दावा दाखल करून देण्यासाठी वकिलाने शुल्क घेणे कायद्याने मना आहे आणि माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी ते विनामूल्य करून देतात. ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसते. खटल्यातून मिळालेल्या पैशामुळे अपंगत्वाची भरपाई कमी होत नाही; उत्पन्नावर आधारलेले निवृत्तिवेतन मात्र घटू शकते. २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने इराक, अफगाणिस्तान अशा ठिकाणी सेवा केलेल्यांसाठी श्वसनसंस्थेचे कर्करोग सेवेशी जोडलेले आहेत, असे गृहीत धरले. १९५०-६० च्या दशकांतील खलाशाला तो आधार आपोआप मिळत नाही.

खटले : सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिक सरकारवर खटला भरू शकत नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या ‘फेरेस’ निकालात ठरवले. हा निकाल अजून कायम आहे. त्यामुळे खटले होतात ते उत्पादकांवर. १९७३ च्या ‘बोरेल’ खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने, धोक्याची सूचना न देणारा उत्पादक जबाबदार ठरतो, असे म्हटले आणि दाव्यांची रीघ लागली. १९७७ च्या ‘स्टेन्सेल’ निकालानंतर कंपन्यांना भरपाईचा भार सरकारकडून वसूल करता येईना. मग १९८८ च्या ‘बॉयल’ निकालाने त्यांच्या हाती वेगळी ढाल दिली : सरकारने मंजूर केलेल्या तपशिलाप्रमाणेच माल बनवला, हा बचाव.

नौदलाच्या दृष्टीने मार्च २०१९ चा ‘एअर अँड लिक्विड सिस्टिम्स विरुद्ध डिव्हरीस’ हा निकाल महत्त्वाचा. पंप, टर्बाइन बनवणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे होते, की आम्ही फक्त धातूचे यंत्र दिले, ॲस्बेस्टॉस नंतर दुसऱ्यांनी बसवले. सागरी कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे अमान्य केले. यंत्राला तो भाग लागतोच, जोडल्यावर ते धोकादायक ठरेल हे उत्पादकाला माहीत आहे किंवा असायला हवे आणि वापरणाऱ्याला धोका उमगेल असे मानायला कारण नाही, अशा परिस्थितीत सूचना देणे उत्पादकाचे कर्तव्य ठरते. तंतू कोणाच्या गोणीतला, हे साठ वर्षांनी सांगता येत नाही. पंपावरचे नाव मात्र खलाशाच्या लक्षात असते. म्हणून हा निकाल न्याय्य वाटतो.

जॉन्स-मॅनव्हिल या सर्वांत मोठ्या उत्पादकाने ऑगस्ट १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९८८ पासून बाधितांच्या भरपाईसाठी उभारलेला तिचा विश्वस्त निधी दाव्यांचे पैसे देऊ लागला आणि १९९४ मध्ये या पद्धतीला कायद्यात स्थान मिळाले. २०११ मध्ये असे सुमारे ६० निधी होते आणि २०१० पर्यंत त्यांनी ३३ लाख दाव्यांपोटी साधारण १७.५ अब्ज डॉलर दिले होते. पण निधी पुरवून वापरायचा असल्याने ठरलेल्या रकमेचा अंशच हाती पडतो. मॅनव्हिल निधीत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरले.

ब्रिटन : १९४७ च्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्याच्या दहाव्या कलमाने सैनिकांना सरकारवर दावा लावण्यास मज्जाव केला होता. १९८७ मध्ये ते उठले, पण पूर्वलक्षी प्रभावाने नव्हे; आणि बहुतेकांचा ॲस्बेस्टॉसशी संपर्क त्यापूर्वीचा. १९५५ ते १९६८ या काळात शाही नौदलात असलेल्या एका विद्युत कर्मचाऱ्याने याला मानवी हक्कांच्या आधारे आव्हान दिले, ते २००३ मध्ये तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळले. वर्षभरही जगण्याची शाश्वती नसलेल्यांना दाव्याऐवजी मासिक निवृत्तिवेतन देऊ करणे क्रूर होते. अखेर एप्रिल २०१६ पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय मिळाला.

भारत : विक्रांत आणि विराट या विमानवाहू नौकांची बांधणी ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात सुरू झाली होती. त्यांवर आणि मुंबईच्या गोदीत मराठी खलाशी व कामगारांच्या पिढ्यांनी काम केले. विक्रांतची मोडतोडही २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात सुरू झाली. भारतीय माजी सैनिकाचा दावा अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या सर्वसाधारण नियमांनी ठरतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असे मानावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सांगितले. पण हे गृहीतक सेवाकाळात दिसणाऱ्या आजाराला धरून आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत याच न्यायालयाने १९९५ मध्ये आरोग्यनोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला आणि बाधितांना प्रत्येकी एक लाख रुपये ठरवले. विशीत कामाला लागून दहा वर्षांत ते सोडलेल्या माणसाची नोंद या हिशेबाने साठीपर्यंतच जपली जाते, आणि मेसोथेलिओमा त्यानंतरही होऊ शकतो.