नवे संबंधचिन्ह घडवताना: खिळ्यांपासून मॅथरेलपर्यंत

रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये समानतेसाठी दोन समांतर रेघा वापरल्या. याहून सारख्या दोन वस्तू कुठल्या असणार, असा त्याचा युक्तिवाद. पुढे गाउसने १८०१ मध्ये, भागाकारात सारखीच बाकी उरणाऱ्या संख्यांसाठी, तीन रेघांचे चिन्ह वापरले. कागदावर हे चुटकीसरशी होते. छापखान्यात मात्र नवे चिन्ह म्हणजे नवा खिळा, नाहीतर हाताशी असलेल्या खिळ्यांची जोडाजोड. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा किती सोडायची, हे जुळाऱ्याच्या नजरेवर.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथने ही नजरच नियमांत बांधली. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची मुद्रिते पाहून तो वैतागला आणि १९७७ मध्ये टेक ही मजकूर जुळवणारी संगणकप्रणाली लिहायला बसला. टेकमध्ये प्रत्येक गणिती चिन्हाला वर्ग असतो: अधिक-वजासारख्या क्रियाचिन्हांचा २, बरोबर-लहानमोठेपणा दाखवणाऱ्या संबंधचिन्हांचा ३. एका एमचे (फाँटच्या आकाराइतक्या रुंदीचे) १८ भाग केले, तर क्रियाचिन्हाच्या दोन्ही अंगांना ४-४ आणि संबंधचिन्हाच्या ५-५ भाग जागा सुटते. घातांकात किंवा पादांकात ती आपोआप गळते. म्हणून महिरपी कंसात आकृती कितीही सुबक जुळवा, मॅथरेल ही संबंधचिन्हाचा वर्ग देणारी आज्ञा लावली नाही तर टेक तिला साधे अक्षर समजतो आणि शेजारच्या चलांना चिकटवून टाकतो.

जोडाजोड नूथलाही चुकली नाही. त्याच्या फाँटमध्ये जागा अवघ्या १२८. लांब बाण त्याने आडवी रेघ आणि साधा बाण जोडून केला. मध्ये जॉइनरेल, म्हणजे ३ भाग मागे ओढणारी आज्ञा. चिन्हावर चिन्ह चढवायला बिल्डरेल होते, टेकवर उभारलेल्या लाटेकमध्ये स्टॅकरेल आले. पण हाताने जोडलेली आकृती पादांकात लहान व्हायला हवी, हे टेकला वेगळे सांगावे लागते. त्यासाठी चार आकारांची सोय करणारे मॅथचॉइस आणि तेच काम सोपे करणारे मॅथपॅलेट.

सर्वांत खट्याळ म्हणजे 'व्याख्येने समान' हे चिन्ह, := असे. अपूर्णविराम अक्षरांच्या तळरेषेवर बसतो, बरोबरचे चिन्ह गणिताच्या मध्यरेषेवर. नुसते शेजारी ठेवले की ठिपके खाली घसरलेले दिसतात. लाटेकच्या मॅथटूल्स या जोड-पॅकेजने तो अपूर्णविराम वर उचलून दिला.

संगणकावरच्या अक्षरचिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाने २००२ च्या ३.२ आवृत्तीत गणिती क्रिया-संबंधचिन्हांसाठी २५६ जागांचा आणखी एक गट दिला. त्यात नसलेले चिन्ह आजही जोडूनच करावे लागते, आणि त्याचा वर्ग लिहिणाऱ्यानेच सांगावा लागतो.